काठीच्या होळीत चालेल असा कॅमेरा

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. त्याआधी रात्रभर अक्कलकुवा तालुक्यातल्या या डोंगराळ गावात ढोल घुमत असतात. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढलेले आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या रिंगण धरून नाचत असतात. उजेड म्हणावा तर कुठे एखादा हॅलोजन, कुठे मोबाइलचा टॉर्च, आणि शेवटी होळीच्या ज्वाळा. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडची मुलं मला विचारतात, "स्वस्तातला कोणता कॅमेरा घेऊ?" तेव्हा मी त्यांना आधी हीच रात्र आठवायला सांगतो. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. काठीच्या रिंगणात त्यातले निम्मे आंधळे होतात.

या आंधळेपणाचं कारण साधं आहे. फोटो म्हणजे सेन्सरवर साठलेला उजेड. तो किती साठणार हे तीन गोष्टींवर ठरतं: लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मोठं आहे, शटर किती वेळ उघडं आहे आणि सेन्सर केवढा आहे. नव्या कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स लावली तर साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. गणित सोपं आहे: ५.६ ला १.८ नं भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. नाचणारा माणूस धूसर होऊ नये म्हणून शटर सेकंदाच्या १२५व्या भागापेक्षा सावकाश ठेवता येत नाही. समजा एफ १.८ ला त्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पुरतो. मग किट लेन्सला त्याच जागी ३०,००० च्या पुढचा आयएसओ लागेल. कॅनन १५००डी या लोकप्रिय कॅमेऱ्याचा नेहमीचा आयएसओ ६४०० ला संपतो, ताणून १२,८०० पर्यंत जातो. म्हणजे हा कॅमेरा किट लेन्ससह काठीला हरतो, आणि तोच कॅमेरा एका छोट्या, हलक्या, स्वस्त लेन्ससह तिथे सुंदर काम करतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की पैसे बॉडीत कमी आणि लेन्समध्ये जास्त घाला. कॅननवाल्यांसाठी ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम ही २०१५ साली आलेली लेन्स आहे, निकॉनवाल्यांसाठी ३५ मिलिमीटर एफ १.८ जी. कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांमध्ये या मोडतात, आणि वर्षानुवर्षं कॅमेऱ्याला चिकटून राहतात. निकॉन घेताना एक गोष्ट मात्र नीट बघा. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. जुन्या 'डी' मालिकेतली लेन्स स्वस्त मिळाली म्हणून उचललीत तर ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस दर वेळी हातानं फिरवावा लागेल. निकॉनच्या लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं हवं.

आता मेगापिक्सेल. दुकानदार पहिला आकडा हाच सांगतो, आणि आपल्या कामाला सगळ्यात कमी लागणारा आकडाही हाच. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचं होतं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून आज साध्या कॅमेऱ्यातही २४ मेगापिक्सेल आले आहेत. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, म्हणजे मासिकाच्या छपाईच्या दर्जानं २० इंच रुंद चित्र. फुल एचडी पडद्याला जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात, फोर-केला ८ च्या थोडे वर. दहा-बारा वर्षांपूर्वीचा १६ किंवा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा प्रदर्शनासाठी, पुस्तकासाठी, यूट्यूबसाठी आजही पुरून उरतो.

सेन्सरचा आकार मात्र खरोखर महत्त्वाचा. डीएसएलआर आणि बहुतेक स्वस्त मिररलेस कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. प्रचंड झूम असलेल्या ब्रिज कॅमेऱ्यात तो ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळानं तेरावा भाग. निकॉन पी१००० चा १२५ पट झूम ऐकून डोळे विस्फारतात. चंद्रावरचे खड्डे त्यातून दिसतात हेही खरं. पण संध्याकाळ झाली की इवल्याशा सेन्सरची ताकद संपते. दिवसाउजेडी पाखरं टिपायची असतील तर जरूर घ्या, रात्रीच्या कामाला नको. फोनचंही तेच. दिवसा, जवळून, पटकन काढायच्या फोटोसाठी चांगला फोन हातात असेल तर वेगळा कॅमेरा घेण्याआधी त्याच्यावर वर्षभर काम करा. आपल्याला नक्की काय टिपायचं आहे हे त्या वर्षात कळतं, आणि कॅमेरा घेताना तीच माहिती सगळ्यात जास्त पैसे वाचवते.

कुठला प्रसंग कॅमेऱ्याकडून काय मागतो हे शिकायला आपला नंदुरबार जिल्हा फार चांगला आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. घोडा ताशी ४० किलोमीटरनं धावत असेल तर सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. शटर सेकंदाच्या ६०व्या भागावर असेल तर तेवढ्यात घोडा १८ सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि फोटोत घोड्याऐवजी फराटा येतो. हजाराव्या भागावर तो जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो आणि आयाळीचा केस न केस दिसतो. डिसेंबरच्या दुपारी उजेड भरपूर असतो, त्यामुळे इथे एफ १.८ ची गरज नाही. इथे लांबून टिपणारी ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची साधी लेन्स कामाची. सेकंडहँडमध्ये ती सहज मिळते, कारण पुष्कळ लोक हौसेनं घेतात आणि कपाटात ठेवून देतात. रवाल चालीचा डौल दाखवायचा असेल तर मात्र उलटं करा. शटर मुद्दाम ६०व्या भागावर आणा आणि कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत न्या. घोडा स्पष्ट येतो, मागची गर्दी वाहून जाते. पहिले पन्नास फोटो वाया जातील. डिजिटलमध्ये त्यांची किंमत शून्य आहे.

सारंगखेड्याला नवख्यांना आणखी एक कोडं पडतं. पांढराशुभ्र नुकरा घोडा फोटोत मळकट राखाडी येतो आणि काळाभोर घोडा फिकट. कॅमेरा यात बिघडलेला नसतो. त्याचं मीटर असं धरून चालतं की जगातला प्रत्येक देखावा सरासरीनं मध्यम राखाडी आहे. चौकट पांढऱ्या घोड्यानं भरली की ते घाबरून उजेड कमी करतं. त्यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणे खूण असलेलं बटण. पांढऱ्याला अधिक एक, काळ्याला उणे एक. ज्या कॅमेऱ्यात या बटणापर्यंत पोचायला तीन-चार मेनू उघडावे लागतात, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

नंदुरबारची मिरची हा तर रंगाचा अख्खा धडा आहे. बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती घेतात आणि शहराभोवतीच्या पथारींवर वाळत घालतात. भर दुपारी नजर जाईल तिथवर लाल गालिचा. फोटो काढला तर त्या लालाचा सपाट डाग होतो, एकेक मिरची वेगळी दिसतच नाही. याचं मूळ सेन्सरच्या बांधणीत आहे. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत. त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर रंगीत काच असते. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या रचनेत निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. मिरचीचं जवळजवळ सगळं चित्र त्या पाव ठिपक्यांवर पडतं, आणि बाकीचे अजून अर्धे रिकामे असतानाच ते काठोकाठ भरून जातात. पडद्यावरचा साधा पांढरा आलेख (हिस्टोग्राम) सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो, कारण त्यात हिरव्याचं वजन जास्त धरलेलं असतं. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा कॅमेरा बघा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. फोटो जेपेगऐवजी रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. लालातल्या बारीक छटा या जास्तीच्या पायऱ्यांवर जिवंत राहतात. रॉ ही सोय आता जुन्यातल्या जुन्या डीएसएलआरमध्येही मिळते.

आणि पथारीवर काम झालं की व्ह्यूफाइंडरचं रबर ओल्या फडक्यानं पुसा, हात धुवा, मगच डोळा लावा.

व्हिडिओचं गणित थोडं निराळं. खानदेशात अहिराणी गाण्यांची आणि विनोदी फिल्मांची केवढी लाट आली आहे हे आपण रोज मोबाइलवर बघतो. भिली, पावरी गाण्यांची, टिमलीच्या नाचाची चित्रणंही गावोगावी होतात. या कामात चित्र थोडं कमी असलं तरी लोक बघतात. आवाज फाटला की बंद करतात. आणि स्वस्त कॅमेरे नेमकी आवाजातच काटकसर करतात. कॅनन १५००डी, निकॉन डी३५००, सोनी ए६००० या तिन्हींना बाहेरच्या माइकसाठी जॅकच नाही. निकॉन डी५६००, कॅनन २००डी मार्क २ आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना तो आहे. शिवाय कॅमेऱ्यातला आवाज आपोआप कमी-जास्त होत असतो. ढोल थांबला की कॅमेरा शांततेतली खरखर वर ओढतो आणि पुढचा ठोका पडला की आवाज फाटतो. आवाजाची पातळी हातानं ठरवता येते का, हे घेण्याआधी मेनूत शोधा. माइकचा जॅक नसलेला कॅमेरा आधीच घरात असेल तर निराश होऊ नका. कॉलरचा साधा माइक फोनला लावा, आवाज फोनवर घ्या, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक मोठी टाळी वाजवा. संगणकावर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचं सगळं जुळतं.

रात्री सोंगाड्या पार्टीचा खेळ चित्रित करताना चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले असतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससी असेल तर पाल करा, २५ किंवा ५० फ्रेम निवडा आणि शटर ५०व्या किंवा १००व्या भागावर ठेवा. पट्टे बहुतेक वेळा जातात. तुमच्या कॅमेऱ्यात व्हिडिओसाठी शटर हातानं ठरवता येतं ना, हे मात्र आधी बघून घ्या.

कमी पैशांत काम करणाऱ्यांबद्दल बोलायचं तर शेजारच्या मालेगावकडे बघावं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला. सरकत्या दृश्यासाठी सायकल, उंचावरून घेण्यासाठी बैलगाडी. पुढे त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'च्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला. त्यात एक प्रसंग आहे: चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो. एकच कॅमेरा, आणि तोच पाण्यात. मला तो प्रसंग पाहताना दर वेळी पोटात गोळा येतो. म्हणून होते नव्हते ते सगळे पैसे एका कॅमेऱ्यात घालू नका. चाळीस हजार हातात असतील तर तीसच्या आतच थांबा. दोन बॅटऱ्या, दोन कार्ड, गळ्यातला पट्टा आणि दुरुस्तीसाठी थोडे पैसे वेगळे ठेवा.

बॅटरीचा विचार आपल्याकडे तर आधी करायला हवा. धडगाव तालुक्यातल्या दूरच्या पाड्यात दोन दिवस राहायचं तर चार्जिंगची खात्री नसते. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरशातून खरं दृश्य दिसतं, त्याला वीज लागत नाही. मिररलेसचा पडदा सतत पेटलेला असतो. म्हणून कंपनीच्या मोजणीप्रमाणे निकॉन डी३५०० एका बॅटरीवर १५५० फोटो काढतो, कॅनन १५००डी ५००, तर सोनी ए६००० फक्त ३६० च्या आसपास. मिररलेस हलके असतात, त्यांचा फोकस चपळ असतो, व्हिडिओला ते सरस, हे सगळं मान्य. पण दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेल्या पोरांबरोबर डोंगर चढायचा आणि वाटेत कुठेही प्लग नाही, तेव्हा जुन्या डीएसएलआरची ती एक बॅटरी फार मोठा आधार वाटते.

सुदैवानं हेच डीएसएलआर आता स्वस्त झाले आहेत. कॅनन आणि निकॉन दोघांनीही सगळं लक्ष मिररलेसकडे वळवलं, लग्नाचे फोटोग्राफर नव्या कॅमेऱ्यांकडे गेले, आणि त्यांच्या जुन्या बॉडी बाजारात आल्या. मुंबईत फोर्टातला बोराबाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला रेल्वेनं सुरतही जवळ. जाताना बरोबर एक टॉर्च आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, सरळ परत द्या. लेन्सवर टोपण लावून काळा फोटो काढा आणि मोठा करून रंगीत ठिपके शोधा. मग एफ १६ ला आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे धुळीचे डाग त्यात दिसतात. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. स्वस्त गटातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंतचं धरतात, आणि लग्नाचा फोटोग्राफर एका लग्नसराईत त्यातला मोठा वाटा संपवतो. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक फाइलींत तो नसतो, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि पक्कं बिल घ्या, बिल नसलेला कॅमेरा कितीही चकचकीत असला तरी नको.

घाई नसेल तर आधी भाड्यानं घ्या. चातुर्मासात लग्नं नसतात, स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे पडून असतात. ओळखीचा असेल तर दिवसाचं भाडं रास्त लावतो, वर चार गोष्टी शिकवतो.

माझी पहिली चांगली लेन्स तोरणमाळच्या पावसाळ्यात गेली. यशवंत तलावावर ढग उतरले होते, दोन दिवस भिजत फोटो काढले, आणि घरी येऊन लेन्स तशीच चामड्याच्या पिशवीत ठेवली. श्रावण संपेपर्यंत आत बुरशी पसरली होती. बुरशीला ओल, अंधार आणि बंद हवा लागते, आणि मी तिला तिन्ही गोष्टी दिल्या होत्या. तेव्हापासून पावसाळ्यात लेन्स किराणा भरायच्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवतो, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करायचे, पुन्हा निळे होतात. तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला नाही.

इतकं सगळं सांगायचं कारण आहे. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान आले, देशभरातले कॅमेरे आले, आणि संध्याकाळी निघून गेले. नर्मदाकाठच्या बुडालेल्या गावांचं चित्रण आहे, तेही बरंचसं बाहेरून आलेल्या लोकांनी केलेलं; आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची १९९५ ची 'अ नर्मदा डायरी' त्यातली महत्त्वाची. त्यांचं ऋण मोठं आहे. पण रोज तिथे राहणाऱ्याला जे दिसतं ते पाहुण्याला दिसत नाही. पहाटे मोहाची फुलं कशी गळतात, आजी गोष्ट सांगताना कुठे थांबते, हे टिपायला घरातलाच कॅमेरा हवा, आणि तो घरच्या ऐपतीतला हवा.

काठीला जाताना फ्लॅश घरीच ठेवा. तो ज्वाळांचा रंगही मारतो आणि नाचाची लयही मोडतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. आगीचा उजेड २००० केल्व्हिनच्या आसपासचा, आणि ऑटो त्याला पांढरा करायला धडपडतं. सूर्याची खूण असलेल्या सेटिंगवर ठेवलंत तर ती तांबूस ऊब तशीच राहते. बुध्या पालनी पाळत असतात, व्रताचे दिवस असतात, तेव्हा जवळ जाण्याआधी विचारा. आणि परत आल्यावर चांगले फोटो ४ बाय ६ आकारात छापून घ्या. त्याला १८०० बाय १२०० ठिपके लागतात, दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर, एवढं कुठलाही जुना कॅमेरा देतो. मागे शिसपेन्सिलनं पाड्याचं नाव लिहा, शाई पुढच्या फोटोला लागते. पुढच्या होळीला ते पाकीट बरोबर न्या आणि ज्याचा त्याला फोटो द्या.